सुदानचा भाडेकरू आहे, व्हिसा संपत आलाय, यूएनकडे नोंदणी कुठे होते?

कोंढवेकर_काका
आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये सुदानचा एक मुलगा भाड्याने राहतो, कॉलेज संपलं, स्टुडंट व्हिसा दोन महिन्यांत संपतोय आणि घर खार्टूमला, तिथे एप्रिल २०२३ पासून युद्ध, मग जाणार कुठे. पोरगा गुणी आहे, हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रोज खाली जाऊन दूध आणून द्यायचा. म्हणतो यूएनकडे नाव नोंदवतो. पुण्यात त्यांचं ऑफिस कुठेय? आणि माझ्यामागे पोलिसांचं लचांड नको लागायला.

पेठेतला_बाळ्या
काका सीएए आलाय ना, सरळ नागरिकत्वाचा फॉर्म भरायला सांगा, विषय संपला

निम्मी_वकील
बाळ्या, सुदान त्यात येतच नाही रे. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान हे तीनच देश, तेही ठरावीक सहा धर्म आणि ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले.
काका, पुण्यात ऑफिस नाही, दिल्लीला जावं लागेल. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेचे तमिळ यांचं सरकार स्वतः बघतं, सुदान, येमेन, सोमालियावाल्यांची नोंदणी यूएनएचसीआर, म्हणजे यूएनची निर्वासितांसाठीची संस्था करते. गोची पुढे आहे. त्यांचं कार्ड मिळालं तरी ते कार्ड म्हणजे व्हिसा नाही, त्यामुळे एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी लोकांची नोंदणी बघणाऱ्या सरकारी ऑफिसच्या लेखी मुक्काम बेकायदाच ठरू शकतो. सरकारच्या २०११ च्या कार्यपद्धतीत छळाची भीती खरी वाटली तर लाँग टर्म व्हिसा देण्याची सोय आहे, पण त्यासाठी वेगळा अर्ज. म्हणून व्हिसा चालू आहे तोवरच हातपाय हलवा.

झेलम_एक्सप्रेस
मी माझ्या येमेनी रूममेटसोबत गेलो होतो म्हणून लिहितो. तारीख मिळेपर्यंतच जीव टांगणीला लागतो, मग पुण्याहून दिल्ली सव्वा दिवस गाडीत, राहायला लॉजवाला परदेशी पासपोर्ट आणि संपलेला व्हिसा बघून नाही म्हणतो. त्यात नोंदणी झाली म्हणजे निर्वासित म्हणून मान्यता मिळाली असं नाही, ती मुलाखत वेगळी आणि ती कधी होईल त्याचा नेम नाही. आमचा सगळ्यात मोठा घोळ सिमचा झाला, ते पासपोर्ट-व्हिसावर घेतलेलं, व्हिसा संपला आणि सिम बंद, आणि मुलाखतीचा फोन त्याच नंबरवर येणार होता!! भरवशाच्या माणसाचा नंबर आणि ईमेल आधीच देऊन ठेवा.
दुसरं, अरबी नाव. पासपोर्टवर एक स्पेलिंग, मार्कशीटवर दुसरं, रेंट ॲग्रीमेंटवर आपल्या टायपिस्टने केलेलं तिसरं. मुलाखतीत तारखा इकडच्या तिकडे झाल्या तरी संशय येतो, बिचाऱ्याला पळून आलेल्या रात्रीची तारीख आठवत नव्हती. दुभाषा तेच देतात, फुकट. नोंदणीही फुकट. इथल्या एका एजंटने आमच्याकडून "फाईल पुढे सरकवायचे" पंधरा हजार घेतले, आणि पठ्ठ्या नंतर फोन उचलेना.

निम्मी_वकील
पैसे मागणारा कोणीही असो, त्याला दारात उभं करू नका. आणि काका, परदेशी माणूस ठेवला की घरमालकाने २४ तासांत त्याची माहिती कळवणारा सी फॉर्म (२०२५ पासून फॉर्म ३) ऑनलाइन भरायचा असतो, तो भरलाय ना? व्हिसा वाढवायला पत्त्याचा पुरावा लागतो आणि ॲग्रीमेंट रिन्यू करायला घरमालक व्हिसा मागतो, या चक्रात तुम्हीच अडकवू नका त्याला.

पंचगंगा_घाट
१९४३ ते ४८ आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्यात पाचएक हजार पोलिश निर्वासित राहिले, माझी आजी सांगायची त्यांच्या गोष्टी. एका पोराच्या कागदांचं काय एवढं

निम्मी_वकील
त्यांची सोय सरकारने केली होती हो. याला एकट्याला फिरायचंय.

कोंढवेकर_काका
सी फॉर्म ब्रोकरने भरला म्हणाला होता, आता त्याला विचारलं तर "बघून सांगतो" 😑 उद्या मुलगी बसून भरेल. पोराचे कागद बघितले, नाव तीन नाही, चार प्रकारे लिहिलंय, चौथं माझ्या भाडेपावतीवर. संपर्कासाठी माझा नंबर दे म्हटलं त्याला. दिल्लीत कोणाच्या ओळखीचं राहायचं ठिकाण असेल तर कळवा, लॉज नको.