१८१९ चा कच्छ भूकंप: ८ की ७.७? आणि हे ठरवलं कशावरून?

मीनल_दांडियाबाजार
मी बडोद्यात शाळेत भूगोल शिकवते. बाबांच्या कॉलेजच्या वहीत १६ जून १८१९ च्या भूकंपापुढे '८ च्या वर' असं लिहिलंय. हल्लीच्या लेखांत ७.७, कुठे ७.५. दोनशे वर्षांपूर्वीचा आकडा आता कसा काय उतरतो?

विचारायचं कारण २००१. २६ जानेवारीला पावणेनऊच्या सुमारास मी दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात होते, झेंडावंदनाहून नुकतीच आलेली. लाकडी सांगाड्याचं घर. तुळया करकरल्या, फळीवरचे दोन डबे पडले, बस्स. अलकापुरीत मावशीकडे चौथ्या मजल्यावर मात्र कपाट आडवं झालं आणि भिंतीला बोट जाईल एवढी भेग गेली. त्या दिवशी मी आणि मावशीनं पत्रं लिहिली असती, तर वाचणाऱ्याला ते दोन वेगळे भूकंप वाटले असते. मग १८१९ च्या पत्रांवरून काढलेल्या ८ वर किती विसंबायचं?

रेवाकाठ
ताई, नेमकं बोट ठेवलंत. मी इथल्याच एम. एस. युनिव्हर्सिटीत भूशास्त्र शिकलो. जुने आकडे मुख्यतः कुठे काय पडलं, हादरा कुठवर जाणवला यावरून काढलेले. पण अहमदाबादच्या जामा मशिदीचे मिनार तेव्हा पडले ते साबरमतीच्या गाळावर, आणि गाळ हादरा वाढवतो. त्यात लिहिणारे बहुतेक इंग्रज अधिकारी. जिथे त्यांचं ठाणं, तिथलीच बातमी. कच्छच्या रणात तर वस्तीच नाही.

सुदैवानं या भूकंपानं जमिनीवरच पुरावा ठेवला: अल्लाबंद. सपाट रणात सुमारे ८०-९० किलोमीटर लांब उंचवटा, काही ठिकाणी सहा मीटरपर्यंत. त्याच्या दक्षिणेची जमीन खचली आणि सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला. १८२६ मध्ये सिंधूच्या पुरानं हा बंद फोडला. पुढे १८४४ मध्ये बेकर नावाच्या अधिकाऱ्यानं तिथे जमिनीच्या पातळ्या मोजल्या. त्या मोजण्या घेऊन भूशास्त्रज्ञ रॉजर बिलहॅम यांनी १९९९ मध्ये प्रस्तरभंग (जमिनीतले खडक तुटून सरकतात ती भेग) किती लांब, किती खोल आणि किती सरकला ते काढलं. त्यातून ७.७ आला. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण यात कोणाचं घर कसलं होतं हा प्रश्नच उरत नाही.

राजेंद्रन या भूशास्त्रज्ञ पती-पत्नींना तिथे आणखी जुन्या भूकंपाच्याही खुणा सापडल्या. म्हणजे बंदाची सगळी उंची त्या एका संध्याकाळची नाही. त्यांचा अंदाज म्हणूनच ७.५ च्या आसपास. आणि जुन्या ८.२ वरून ७.७ हा फरक दिसतो तेवढा लहान नाही, ऊर्जा पाचपटीहून जास्त कमी होते.

रावपुऱ्याचे काका
अहो, पण मुळात कारण काय? २००१ ला आमच्या पोळीत, म्हणजे गल्लीत, सगळे नर्मदेच्या धरणाला दोष देत होते.

रेवाकाठ
काका, १९६७ च्या कोयनेच्या भूकंपामुळे लोकांना तसं वाटणं साहजिक आहे. तिथे जलाशयाचा संबंध मानला जातो. पण १८१९ ला कच्छजवळ कुठलं धरण? कच्छ हे गोंडवन हा प्राचीन महाखंड फुटताना ताण बसून खचलेलं खोरं. आता भारतीय भूखंड उत्तरेकडे रेटला जातोय, त्यामुळे तेच जुने भंग दाबाखाली उलट दिशेनं सरकतात. २००१ चा भंग वर आलाच नाही, जमिनीखालीच राहिला. म्हणून तेव्हा दुसरा अल्लाबंद झाला नाही.

आकड्याचं म्हणाल तर २००१ लाही आपल्या हवामान खात्यानं आधी ६.९ सांगितला होता, नंतर ७.७ मानला गेला. आणि तेव्हा तर यंत्रं होती!

मीनल_दांडियाबाजार
खूप आभार. आता आठवीच्या मुलांना घरी विचारायला सांगते: २००१ ला कितवा मजला, लाकडी घर की सिमेंटचं, काय पडलं. बडोद्याच्या नकाशावर सगळं मांडू.

रावपुऱ्याचे काका
माझं लिहून घ्या. तळमजला, विटांचं घर. पडलं काहीच नाही, पण पिंपातलं पाणी हिंदकळून ओट्यावर आलं. वरच्या मजल्यावर वहिनीच्या हातून चहाची किटली सुटली.