लढाई आणि मतदान एकाच हंगामात आले तेव्हा : सीमाभागातील अनुभव

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे आणि आसपासच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या मुले भरती होत आली आहेत, त्यामुळे लढाईला पाठिंबा द्यावा का, कितपत द्यावा आणि त्या पाठिंब्याच्या नावाने मते मागावीत का, हा प्रश्न आपल्याकडे थेट घरात येतो. १७ एप्रिल १९९९ रोजी केंद्रातले सरकार एका मताने पडले, मे महिन्यात कारगिलची घुसखोरी उघड झाली, २६ जुलैला लढाई संपली आणि सप्टेंबरमध्ये आपण लोकसभा व विधानसभा दोन्हींसाठी मतदान केले. २०१९ मध्ये १४ फेब्रुवारीला पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान मारले गेले, २६ फेब्रुवारीला बालाकोटची हवाई कारवाई झाली आणि २३ एप्रिलला बेळगावने मतदान केले.

१९९९ च्या श्रावणात माझे वडील आणि धाकटे काका यांनी याच विषयावरून एकमेकांशी बोलणे टाकले. गणेश चतुर्थीला दोघे आरतीपुरते शेजारी उभे राहिले, पण ताट एकमेकांच्या हाती दिले नाही. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो आणि घरातला भाऊ भावाला देशद्रोही म्हणू शकतो, हे मला त्या वर्षी कळले. आपल्यापैकी अनेकांकडे असे काही असणार. कोणी, कुठे, काय म्हटले आणि पुढे काय झाले, एवढे या धाग्यावर लिहावे अशी विनंती आहे. पक्षाचा प्रचार नको आणि गल्लीतल्या माणसांची नावे नकोत.

निवृत्त सुभेदार, खानापूर तालुका

मी १९९६ मध्ये पेन्शनवर आलो. १९९९ मध्ये थोरला मुलगा तोफखान्यात होता आणि त्याची तुकडी कारगिलजवळच्या द्रास भागात हलवली होती. पत्त्यावर फक्त ‘मार्फत ५६ एपीओ’ एवढेच असायचे. अंतर्देशीय पत्र यायला पंधरा-वीस दिवस लागत, म्हणजे पत्र वाचताना तो खुशाल आहे असे म्हणण्याला काही अर्थ नसे, कारण ती खुशाली वीस दिवसांपूर्वीची असे.

ऑगस्टमध्ये मारुतीच्या देवळापुढे प्रचारसभा झाली. शाळेतली बाके आणली होती आणि जीपवर भोंगा होता. वक्त्याने सांगितले की शिखरे परत मिळवली ती ज्यांनी, त्यांनाच मत देणे हे जवानांचे ऋण फेडणे आहे. मी उठून एकच प्रश्न विचारला. हिवाळ्यात उंचावरच्या चौक्या रिकाम्या करायच्या आणि बर्फ ओसरल्यावर परत धरायच्या ही जुनी रीत मला ठाऊक आहे, पण शत्रू आपल्या आधी वर येऊन बसला हे मे महिन्यापर्यंत का कळले नाही, आणि याचे उत्तर मतदानाआधी मिळणार की नंतर? सरकारने जुलैअखेर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमल्याचे मी वाचले होते. अहवाल निवडणूक होऊन गेल्यावर येणार हे उघड होते आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच होता.

मागून कोणीतरी म्हणाले, ‘सुभेदार, खाली बसा, ही वेळ नव्हे.’ मग दोघातिघांनी घोषणा सुरू केल्या आणि ज्या जयजयकारावर मी बावीस वर्षे चढाई केली, तोच शिवाजी महाराजांचा जयजयकार माझा आवाज बुडवण्यासाठी वापरला गेला. ते अजून विसरता येत नाही. पण मला खरा त्रास झाला तो घरी. सौ. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचे म्हणणे एवढेच होते की पोरगा खाली उतरेपर्यंत तरी मी गप्प बसायला हवे होते, देव ऐकत असतो. अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे आला आणि त्यात गुप्तवार्तेतल्या त्रुटींची चर्चा होती. गावात माझ्याकडे कोणी त्याविषयी बोलले नाही, मीही कोणाला काही विचारले नाही.

कारखानदार, उद्यमबाग, बेळगाव

सुभेदारसाहेब, तुमच्यासारख्यांना खाली बसवणाऱ्यांपैकी मी होतो, म्हणून लिहितो. आमच्या फौंड्रीत आम्ही जवानांसाठी निधी गोळा केला होता. त्या जून महिन्यात शवपेट्या गावोगाव येऊ लागल्या. पूर्वीच्या लढायांत घरी तार यायची आणि मागून सामानाची ट्रंक यायची. देह घरापर्यंत येतो हे आम्ही त्या वर्षी प्रथमच पाहिले. रस्त्याच्या दोन्ही कडांना शाळेची मुले उभी असताना ‘आधी चूक कोणाची ते सांगा’ असे कोणी म्हटले की संताप येत असे, आणि तो संताप खोटा नव्हता.

माझे मत आजही फारसे बदललेले नाही. नियंत्रण रेषा ओलांडायची नाही हा १९९९ मधला निर्णय सरकारचाच होता. त्याची किंमत जवानांनी चढणीवर मोजली, पण युद्ध पसरले नाही. असा निर्णय घेणाऱ्याने लोकांपुढे जाऊन कौल मागितला तर त्यात गैर काय? लोकशाहीत दुसरा हिशेब कुठे द्यायचा? १९७१ च्या विजयानंतर १९७२ मध्ये दुसऱ्या पक्षाने हेच केले, तेव्हा आजचे किती आक्षेपक उभे राहिले होते? तुमचा आवाज घोषणांत बुडवला ही मात्र आमची चूक होती. प्रश्न ऐकून घेऊन मग उत्तर द्यायला हवे होते, आणि उत्तर आमच्याकडे होते.

निवृत्त शिक्षक, कडोली

१९७२ चा उल्लेख झाला आहे म्हणून थोडे लिहितो. माझे मामा जंगी पलटणीत, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये होते आणि डिसेंबर १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या वेढ्यात जखमी झाले. मार्च १९७२ मध्ये विधानसभेची निवडणूक आली. राज्याचे नाव तेव्हा म्हैसूर होते. आमचे घर महाराष्ट्र एकीकरण समितीचे. प्रचाराला आलेल्या माणसाने ओसरीवर बसून सांगितले की देशाने एवढा मोठा विजय मिळवला असताना तुम्ही अजून सीमा, भाषा आणि महाराष्ट्र यांतच अडकला आहात, हे देशाला शोभत नाही. मामा आत खाटेवर होते. त्यांनी पायाचे प्लास्टर दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवले, काठी घेऊन उंबऱ्यापर्यंत आले आणि ‘चहा घेऊन जा’ एवढेच म्हणाले. तो माणूस चहा न घेता गेला.

१ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे बेळगाव म्हैसूर राज्यात गेल्यापासून, या भागातल्या मराठी माणसाला दुहेरी परीक्षा द्यावी लागली आहे. सीमाप्रश्नावर बोलला तर राज्याचा विरोधक आणि लढाईच्या राजकारणावर बोलला तर देशाचा विरोधक. पुण्या-मुंबईच्या मराठी माणसाला यातले दुसरे माहीत आहे, पहिले माहीत नाही.

जवानाची पत्नी, उचगाव परिसर

माझा अनुभव २०१९ चा आहे. यजमान तेव्हा जम्मूकडे होते. आदल्या वर्षी सुट्टीवर आले असता मंडळाने त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला होता. त्याच कार्यक्रमातला त्यांचा वर्दीतला फोटो गुढीपाडव्यानंतर आमच्या गल्लीच्या तोंडावर, एका उमेदवाराच्या फोटोशेजारी, मोठ्या फ्लेक्सवर लागला. छातीवरची नावाची पट्टी रस्त्यावरून वाचता येत होती. मला कोणी विचारले नव्हते.

मी मंडळाच्या मुलांना बोलावून सांगितले की सेवेत असलेल्या माणसाला राजकारणात भाग घेता येत नाही, याची चौकशी झाली तर उत्तर त्यांना द्यावे लागेल, आणि निवडणूक आयोगाने ९ मार्चलाच सैनिकांची छायाचित्रे प्रचारात वापरू नयेत असे सर्व पक्षांना कळवले आहे. मुले चांगल्या घरची होती, मला वहिनी म्हणणारी. ती म्हणाली, ‘वहिनी, आम्ही दादांना मान देतोय. लातूरकडच्या औशाच्या सभेत पंतप्रधानांनीच पहिल्यांदा मत देणाऱ्यांना बालाकोटच्या वीरांना मत अर्पण करायला सांगितले, मग आमचे काय चुकले?’ त्या भाषणात आचारसंहितेचा भंग नाही असे पुढे आयोगाने ठरवले, त्यावर एका आयुक्तांचे मत वेगळे होते. हे सारे नंतरचे. त्या संध्याकाळी माझ्याकडे त्या मुलांना देण्यासारखे उत्तर नव्हते.

उत्तर सासूबाईंनी दिले. त्यांनी विळा घेतला, शेजारच्या मुलाला खुर्ची धरायला लावली आणि विजेच्या खांबाची दोरी स्वतः कापली. फ्लेक्स घरी आणून त्यांनी मुलाच्या फोटोचा चौकोन कात्रीने अलगद काढला, घडी न मोडता ट्रंकेत साड्यांखाली ठेवला. राहिलेला भाग जूनमध्ये गवताच्या गंजीवर घातला. मंडळाची मुले वर्षभर आमच्या दारात वर्गणीला आली नाहीत.

एवढे सांगते की आम्ही दोघींनी त्या वेळी कोणाला मत दिले हे इथे लिहिणार नाही, आणि वाचणाऱ्यांनी ते गृहीत धरू नये. कदाचित त्याच उमेदवाराला दिले असेल. आमचे म्हणणे फोटोपुरते होते आणि तेवढेही गावाला पटवता आले नाही.

तंबाखूच्या वखारीत काम केलेली बाई, निपाणी (मुलीकडून लिहून घेतले)

कारगिलच्या वेळी आमच्या वखारीत सगळ्या बायांची एक दिवसाची मजुरी निधीसाठी कापली. देणार का, असे विचारले असते तर मी दोन दिवसांची दिली असती. विचारले नाही म्हणून मी मुकादमाला विचारले की पावती कोणाच्या नावाची होणार. पुढे निवडणुकीच्या सभेत तो निधी मालकाने दिला म्हणून त्याला हार घातला. आम्ही पुढच्या रांगेत बसलो होतो.

महाविद्यालयातील अध्यापिका, बेळगाव

मार्च २०१९ च्या पहिल्या आठवड्यात मी फेसबुकसाठी आठ-दहा ओळी लिहिल्या होत्या. युद्ध नको, चर्चा व्हावी आणि पुलवामाच्या सुरक्षेतील त्रुटीचा हिशेब मतदानाआधी मागावा, एवढाच त्यांचा आशय होता. त्याच दिवसांत विजापुरात एका प्राध्यापकाला अशाच मजकुराबद्दल जमावाने महाविद्यालयाच्या आवारात गुडघ्यावर बसवून माफी मागायला लावल्याची चित्रफीत आली. ती मी स्टाफरूममध्ये सहकाऱ्यांबरोबर पाहिली. माझ्या शेजारच्या कन्नड विषयाच्या बाईंनी फोन उलटा ठेवला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या एका सहकाऱ्याने ‘बरे झाले’ म्हटले. मी घरी जाऊन त्या ओळी पुसल्या. मला कोणी धमकावले नव्हते, कोणी विचारलेही नव्हते, तरी मी त्या पुसल्या आणि वर्गात नागरिकशास्त्र शिकवताना मला अनेक दिवस त्याची आठवण होत राहिली.

उचगावच्या ताईंनी लिहिलेले वाचून आज त्या ओळींचा आशय इथे दिला आहे.

धागाकर्ता

कारखानदार काकांनी न विचारता आपली बाजू मांडली याबद्दल त्यांचे आभार. माझ्या काकांचे म्हणणे जवळपास हेच होते आणि वडिलांचे सुभेदारसाहेबांसारखे. फरक इतकाच की आमच्या घरातले कोणीही सीमेवर नव्हते.

तोफखान्यातून निवृत्त, खानापूर तालुका

पहिला अनुभव लिहिणारे माझे वडील आहेत. त्यांनी सभेत काय विचारले हे मला डिसेंबरमध्ये सुट्टीवर आल्यावर कळले. वर असताना आमच्यातही एकमत नव्हते. एक सोबती म्हणे, पुरे करू नका, पलीकडे जाऊ द्या. दुसरा त्यावर काही न बोलता पत्र लिहीत बसे. माझी टपाली मतपत्रिका हाती आली तेव्हा मतमोजणी होऊन गेली होती. मी ती बरेच दिवस पाकिटात ठेवली होती.

घरी आलो त्या रात्री आईने भाकरी वाढताना विचारले, ‘यांनी तेव्हा बोलायला हवे होते का रे?’ मी विषय बदलला, आणि तिने पुन्हा कधी विचारले नाही. वर असताना मला ते कळले असते तर वडिलांचा राग आला असता, हे खरे लिहितो, कारण तिथे असताना मागे सगळे एका सुरात उभे आहेत असे वाटणे ही गरज असते. फेब्रुवारीत अहवालाची बातमी बराकीत मोठ्याने वाचली गेली, तेव्हा मात्र वडिलांचा राग आला नाही. त्या बातमीचे कात्रण मी पत्रात घालून घरी पाठवले होते. बाबांनी ते कोणाला दाखवले नाही, हे आज इथे वाचून समजले.