मदत हवी आहे : भाचा टोळीच्या नादी लागलाय

भाचा 15 वर्षांचा आहे. हल्ली मोठ्या पोरांच्या एका टोळीत त्याची उठबस वाढलीय. हातात नवा फोन आलाय, कुणी दिला ते सांगत नाही. 'भाऊ'चा शब्द पडला की जेवणावरून उठून निरोप पोचवायला पळतो.

साधारण 12 ते 15 याच वयात पोरं यात ओढली जातात आणि बरीचशी वर्ष-दोन वर्षांत बाहेरही पडतात, असं वाचलंय. पण तेवढ्यात पोलिसात नाव गेलं तर?

मला वाटतं, त्याला पैशापेक्षा 'आता कोणी हात लावणार नाही' ही हमी हवीय. शाळेत फार मार खायचा. ताई कोंडून ठेवते, त्याने तो जास्तच बिथरतो. (माझ्याशी अजून बोलतो, नशीब.)

कुणाच्या घरातलं मूल यातून सुटलंय का? बोलायला सुरुवात कुठून केलीत? आणि त्या 'भाऊ'शी वैर न घेता पोराला बाजूला कसं काढलंत?