मेट्रोचं निवेदन मी सही न करता परत दिलं

तिसरं गेट, टिळकवाडी
आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या पोरांनी परवा एक निवेदन फिरवलं. पालकमंत्र्यांना द्यायचंय. मागणी एकच: पुण्याला मेट्रो झाली, नागपूरला झाली, आता बेळगावलाही द्या, निदान मेट्रो लाइट, म्हणजे छोटी स्वस्त मेट्रो, तरी. मार्गसुद्धा आखलेला, सांबरा विमानतळापासून चन्नम्मा चौक, गोवावेस, उद्यमबाग करत पिरनवाडीपर्यंत. शंभरएक सह्या झाल्या होत्या. मी पेन घेतलं आणि परत ठेवलं. एक पोरगा म्हणाला, काका, तुम्हाला बेळगाव मोठं झालेलं बघवत नाही.

बघवतं रे बाबा. पण हिशोब करू या. २०११च्या जनगणनेत महापालिका हद्दीत आपण ४ लाख ८८ हजार होतो, आजूबाजूची गावं धरून ६ लाखांच्या थोडं वर. मेट्रोचा विचार साधारण २० लाखांच्या शहरापासून सुरू होतो. नाशिक आपल्या तिप्पट, तिथे रबरी टायरची मेट्रो निओ २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झाली, २,०९२ कोटींचा आकडाही वाचून दाखवला. खांब दिसला का कुणाला?

आणि पैसा. केंद्र आणि राज्य थोडं भांडवल घालतात, बाकी साधारण निम्मं कर्ज, जपानकडून नाहीतर युरोपातल्या बँकांकडून. तिकिटातून हप्ता निघाला नाही तर राज्याने भरायचा. बेंगळुरूचा पहिला टप्पा ६,३९५ कोटींत होणार होता, झाला १३,८४५ कोटींत. म्हणजे निपाणीचा तंबाखूवाला आणि खानापूरचा काजूवाला व्हाईटफील्डच्या लोकांना ऑफिसला पोचवायला हातभार लावतोय. आता आपणही तेच मागायचं?

मला सिटी बस वेळेवर पाहिजे. आणि खानापूर ते घटप्रभा सकाळ-संध्याकाळ लोकल. बस्स. बोला.

बेंगळुरूतला बेळगावकर
काका, राग मानू नका, पण हे ‘आपल्याला काय करायचंय’ ऐकूनच माझ्यासारखे लोक बेळगाव सोडून आले. मी रोज मेट्रोने जातो. फेब्रुवारी २०२५ मध्ये भाडं वाढवलं, जास्तीत जास्त ६० होतं ते ९० केलं. आठवडाभर आमच्या ऑफिसात शिव्याशाप चालले, काही जण परत बाइकवर गेले, प्रवासीही घटले. मी गेलो नाही, कारण बाइकवर सिल्क बोर्डच्या चौकातल्या कोंडीत जो तास जातो तो मला कोणी परत देत नाही. ऑगस्ट २०२५मध्ये यलो लाइन सुरू झाली तेव्हा तीनच गाड्या होत्या, २५ मिनिटांनी एक. तरी लोक चढतच होते.

तुमचा ६,३९५चा १३,८४५ कोटी का झाला, तेही बघा. उशीर. जागा मिळेना, दर चढले, बांधकाम लांबलं. आज बेळगावला खांब नकोत, मान्य. पण वीस वर्षांनी लागणारा रस्ता आज नकाशावर राखून ठेवायला काय हरकत आहे? तेव्हा मागाल तर शहापूरची अर्धी घरं पाडावी लागतील.

येळ्ळूरवाला
राखून ठेवा म्हणे! रेषा तुमची, शेत आमचं. नकाशावर एकदा रेघ ओढली की सोसायटी कर्ज देताना दहा प्रश्न विचारती, पोरीच्या लग्नाला गुंठा विकायचा म्हटलं तर गिऱ्हाईक मागं सरतंय. हलगा-मच्छे बायपासला काय झालं ते बेंगळुरूत बसून दिसत नसेल. पिकातनं जेसीबी घातले. बासमतीची जमीन ती, वर्षाला दोन पिकं देणारी. कोर्टाच्या पायऱ्या चढून चढून आमच्या म्हाताऱ्यांचे गुडघे गेले.

मेट्रो रस्त्याच्या वरनं जाती हे मला पण माहीत आहे. खरं गाड्या रात्री ठेवायला डेपो लागतोय की नाही? तो टिळकवाडीत करणार काय?

बेंगळुरूतला बेळगावकर
डेपोला जागा लागते, बरोबर. ५०-६० एकर सहज. हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता.

मोजणीवाला
मी पुण्यात एका सल्लागार कंपनीत ट्रॅफिक सर्व्हे केलेत, नाव विचारू नका. प्रवासीसंख्या कशी ठरते ते सांगतो, म्हणजे दोन्ही बाजूंना थोडं गार वाटेल.

चौकात पोरं बसवतात, वाहनं मोजतात. घरोघरी विचारतात, कुठून कुठे जाता, कशाने जाता, किती वेळ लागतो. ते सगळं मॉडेलमध्ये घालतात आणि विचारतात, मेट्रो आली तर यातले किती तिकडे वळतील? इथेच सगळी गंमत आहे. फीडर बस, म्हणजे स्टेशनापर्यंत पोचवणारी बस, पाच मिनिटांत मिळेल असं धरलं की आकडा फुगतो. मेट्रोला समांतर बस बंद होतील असं धरलं की आणखी फुगतो. प्रत्यक्षात फीडर येत नाही आणि समांतर बस चालूच राहते.

फुगवतात का? कारण आकडा लहान आला तर प्रकल्पच मंजूर होत नाही. २०१७च्या मेट्रो धोरणात अट आहे की समाजाला होणारा आर्थिक परतावा १४ टक्के दिसला पाहिजे. त्यात वाचलेला वेळ, वाचलेलं पेट्रोल, टळलेले अपघात सगळं रुपयांत धरतात. प्रवासी जास्त दाखवले की वेळ जास्त वाचतो, १४ गाठता येतात. त्याच धोरणात असंही आहे की आधी बस, बीआरटी (बसला स्वतंत्र लेन), ट्राम असे बाकीचे पर्याय तपासा आणि मेट्रोच का ते सिद्ध करा. बहुतेक अहवालांत ते प्रकरण लिहिणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं. दिल्ली आयआयटीच्या लोकांनी २०२३ मध्ये ताळा केला तेव्हा देशातल्या मेट्रोंना अंदाजाच्या साधारण २५ ते ३५ टक्केच प्रवासी मिळत होते. दिल्ली सगळ्यांत बरी, तीही निम्म्याच्या खाली. दिल्ली मेट्रोवाल्यांना ते पटलं नव्हतं. त्यांची मोजायची रीतही बघा: एक माणूस दोन लाइन बदलून गेला की तिथे तो एकापेक्षा जास्त प्रवास म्हणून धरला जातो.

पण दुसरी बाजूही खरी आहे. पुण्यात मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी ते फुगेवाडी एवढेच तुकडे सुरू झाले तेव्हा लोक पोरांना घेऊन फिरायला यायचे, कामाला कोणी जात नव्हतं. ऑगस्ट २०२३ मध्ये दोन्ही लाइन सिव्हिल कोर्टाला जुळल्या, सप्टेंबर २०२४ मध्ये जमिनीखालून स्वारगेटपर्यंत गेली, तेव्हा चित्र बदललं. २०२५च्या गणपतीत विसर्जनाच्या दिवशी ५ लाखांच्या वर लोक बसले. तुकड्याला प्रवासी मिळत नाहीत, जाळ्याला मिळतात. बेळगावला जाळं होईल एवढं शहरच नाही, एकच लाइन होईल. म्हणजे कायमचा तुकडा.

तिसरं गेट, टिळकवाडी
हे शेवटचं वाक्य मी निवेदनाच्या मागे लिहून पोरांना देतो.

उद्यमबाग सेकंड शिफ्ट
काका, तुमची सिटी बस वेळेवर पाहिजे ही मागणी वाचून हसू आलं. माझी शिफ्ट रात्री सव्वादहाला सुटती. मी वडगावात राहते. बायकांसाठीच्या शक्ती योजनेमुळं जून २०२३ पासून मला बस फुकट आहे, आधार कार्ड पर्समध्येच असतंय. खरं फुकट बस यायला तर पाहिजे! आम्ही पाच जणी गेटवर थांबतो, पंधरा मिनिटं वाट बघतो, मग रिक्षा करतो. माणशी तीस. महिन्याचा हिशोब घाला. फुकट योजनेत माझे साताठशे जातात.

त्या पोरांच्या निवेदनावर मी सही केलीय. का माहीत आहे? मेट्रोचं टाइमटेबल असतंय. रात्री साडेदहाला गाडी म्हणजे गाडी. स्टेशनवर लाइट असती, पोलीस असतोय. आमच्या स्टॉपवरचा दिवा गेले चार महिने बंद आहे.

निवृत्त वाहक
बहिणाबाई, तुमचं खरं आहे. मी ३१ वर्षं खाकी घातली, आता बोलायला हरकत नाही.

रात्रीची बस रद्द का होते? शेड्यूल कागदावर असतं. सकाळी दोन वाहक रजेवर, एक गाडी डेपोत ब्रेकडाऊन. कुठली फेरी कापायची? ज्या फेरीची तक्रार कमी येते ती. रात्री सव्वादहाला शिफ्ट सुटलेल्या बायका दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रार द्यायला येत नाहीत, त्यांना झोपायचं असतं. कॉलेजची फेरी कापली तर पोरं रास्ता रोको करतात. कापायची ती तुमचीच.

मोजणीवाल्या साहेबांना एक सांगतो. शक्तीत बाईला शून्य रुपयाचं तिकीट द्यावं लागतं, दिलं नाही तर वाहकावर केस. त्यावरच सरकार परिवहन मंडळाला पैसे देतं. त्या तिकिटावर कुठून कुठे, किती वाजता, सगळं मशीनमध्ये जातं. म्हणजे बेळगावातली प्रत्येक बाई कुठल्या थांब्यावर चढली आणि कुठलं तिकीट घेतलं, याचा हिशोब तारीखवार पडून आहे. चौकात पोरं बसवायची गरज नाही. माहितीच्या अधिकारात मागा. आमच्या वेळी वे-बिलावर, म्हणजे फेरीच्या हिशोबाच्या कागदावर, पेन्सिलने लिहायचो, तेव्हाही कोणी बघत नव्हतं.

मोजणीवाला
हे सोनं आहे, काका. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा: पुरुष त्यात पूर्ण दिसणार नाहीत, पासवाले तर अजिबात नाहीत. आणि जी बस आलीच नाही तिची वाट बघणारी बाई कुठल्याच मशीनमध्ये नाही. रिक्षाने गेलेल्या पाच जणी तुमच्या डेपोच्या हिशोबात ‘मागणी नाही’ अशा दिसतात.

सीमावासी ५६
मेट्रो येऊ दे नाहीतर बस. पाट्या कुठल्या भाषेत लावणार ते आधी सांगा. बाकी चर्चा फुकट.

बेंगळुरूतला बेळगावकर
इथे २०१७ मध्ये मेट्रोच्या स्टेशनांवरच्या हिंदी पाट्यांवरून आंदोलन झालं, त्या काढल्या. मराठीचं काय होईल हे तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. लढाई योग्यच आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे आम्हाला सव्वादहाची बस शोधायचीय.

खानापूर पासहोल्डर
लोकलचा विषय कोणी पुढे नेला नाही, म्हणून लिहितो. मी बारा वर्षं खानापूर-बेळगाव रेल्वेने करतोय. २६ किलोमीटर. रूळ आहेत, स्टेशनं आहेत, लोंढा-घटप्रभा दुहेरीकरणही झालंय. नवीन जमीन नको, खांब नकोत. पाहिजे ती एक आठ डब्यांची गाडी, जी सकाळी तीन वेळा आणि संध्याकाळी तीन वेळा ये-जा करेल. देसूर, सुळेभावी, पाच्छापूर, गोकाक रोड, सगळ्यांची सोय. पिरनवाडीच्या लोकांनासुद्धा देसूर लांब नाही.

ते होत नाही, कारण दिसत नाही. १० ऑगस्ट २०२५ला बेंगळुरूत यलो लाइनचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी बेंगळुरू-बेळगाव वंदे भारतला झेंडा दाखवला. फोटो दोन्हीचे आले. लोकलला झेंडा दाखवायला कोण येणार? कित्तूरवरून धारवाडचा थेट ७३ किलोमीटरचा मार्ग सुरेश अंगडी रेल्वे राज्यमंत्री असताना गाजला, २०२०मध्ये ते गेले, आणि आपण अजून लोंढ्याला वळसा घालूनच धारवाडला जातोय. चिकोडी रोड स्टेशनावर उतरून चिकोडी गाठायला दुसरं वाहन लागतं, निपाणीला तर रेल्वेच नाही. मेट्रो मागणाऱ्यांनी एकदा निपाणीत जाऊन भाषण करावं.

हुबळीची सून, बेळगावची लेक
बस म्हणजे स्वस्त आणि सोपं असं समजू नका. हुबळी-धारवाडला चिगरी बस आहे, मधोमध स्वतंत्र लेन, २२ किलोमीटर. २०२०च्या फेब्रुवारीत रीतसर उद्घाटन झालं. एसी, दार आपोआप उघडतं, माझी सासू पहिल्या दिवशी हात जोडून चढली. मला आवडते. पण बाजूच्या लेनमध्ये गाडी घेऊन अडकलेला माणूस रिकामी लेन बघून रोज शिव्या घालतो, आणि नेते त्याचं ऐकतात. ‘हे काढून दुसरं काहीतरी आणू’ सुरू झालंय. पुण्यात तेच झालं, २००६ मध्ये कात्रज-हडपसरची बीआरटी केली आणि आता लेन शोधावी लागते. बसला वेगळी लेन द्यायची तर गाडीवाल्यांशी भांडायची तयारी लागते. मेट्रो वरून जाते, म्हणून कोणाशी भांडावं लागत नाही. तीनशे कोटी किलोमीटरला मोजतात ते भांडण टाळण्यासाठी.

निवेदनवाला
मीच तो पोरगा. काका, घरी येऊन बोलला असता तर बरं झालं असतं, असो.

आम्हाला काय कळत नाही असं समजू नका. मेट्रो मिळणार नाही हे मंडळात सगळ्यांना माहीत आहे. पण ‘सव्वादहाची बस द्या’ म्हणून निवेदन दिलं तर ते टेबलावरून खाली पडतं. मेट्रो म्हटलं की पेपरात येतं. पेपरात आलं की अधिकारी बोलावतो, मग तो म्हणतो मेट्रो नाही, पण बाकी काय पाहिजे ते सांगा. दहा मागितलं की दोन मिळतं. दोन मागितलं की आश्वासन.

तिसरं गेट, टिळकवाडी
अरे, हे मला गल्लीत का नाही सांगितलंस?

पण त्यात एक धोका आहे. अधिकारी ‘मेट्रोची व्यवहार्यता तपासू’ म्हणाला आणि सल्लागार नेमला तर? दोन वर्षं अहवाल, तोवर बसचं कोणी बोलायचं नाही, कारण ‘मेट्रो येणार आहे’. केंद्राची पीएम ई-बस सेवा ३ लाखांपासून ४० लाखांपर्यंतच्या शहरांना आहे, आपण त्यात बसतो. जे दारात आहे ते मागू.

येळ्ळूरवाला
आणि सल्लागार आला की रेघ आली. लक्षात ठेवा.

निवेदनवाला
बरं. निवेदन बदलतो. वरती काय लिहू?

उद्यमबाग सेकंड शिफ्ट
उद्यमबाग गेट, रात्री १०.२०, वडगाव आणि शहापूर मार्गे. बाकी खाली काय पण लिहा.

निवृत्त वाहक
नुसतं लिहू नका, मोजून द्या. आठवडाभर गेटवर एक पोरगा उभा करा. किती जणी थांबल्या, किती रिक्षाने गेल्या, बस आली का. शनिवार मोजू नका, बाजारामुळं आकडा फुगतोय आणि साहेब पहिला तोच कागद बाजूला काढतोय.

निवेदनवाला
सोमवारपासून मी आणि अजून एक जण. ताई, गेट कुठलं, पुढचं की मागचं?