छोट्या टिलापियाचे फिले घरी कसे काढायचे? मुलीसाठी बिनकाट्याचं हवंय

सत्तरीची_सून
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. आम्ही गोव्यात वाळपईजवळ राहतो. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीमुळे बोटी ३१ जुलैपर्यंत बंद, बाजारात समुद्राचं ताजं नुस्तं (मासे) कमी आणि जे येतं त्याचे भाव विचारू नका, म्हणून दीर रविवारी बंधाऱ्यावर गरवायला जातो आणि पाच-सहा टिलापिया घेऊन येतो. काल वजन केलं तर सगळ्यात मोठा ३५० ग्रॅम आणि बाकीचे दीडशे-दोनशेच्या आतले. चव चांगली आहे, पण माझी मुलगी पाच वर्षांची, गेल्या महिन्यात तिच्या घशात काटा अडकला, डॉक्टरांनी चिमट्याने काढला, आणि तेव्हापासून ती नुस्त्याला हातच लावत नाही, रोज दही-भात. आधी हीच पोर माझ्या ताटातला तुकडा उचलायची. तिच्यापुरते तरी बिनकाट्याचे तुकडे, म्हणजे फिले, काढायचे म्हणून व्हिडिओ बघून करून पाहिलं, तर अर्धं मांस काट्यालाच चिकटून राहिलं, वर पित्त फुटलं आणि सगळं कडू. आदोळीवर (विळीवर) करू का सुरीने? खवले आधी काढायचे का? आणि एवढं करूनही दोन बारीक काटे सापडलेच, ते नेमके कुठे असतात?

गरीवाला_तिसवाडी
वहिनी, पहिली गोष्ट, फिले काढायचे तर पोट फाडूच नका. आपल्याला सवय असते आधी पोट साफ करायची, पण पोट भरलेलं असलं की मासा हातात घट्ट राहतो, आणि पित्ताला सुरी लागायचा प्रश्नच येत नाही कारण आपण बरगड्यांच्या वरूनच मांस सोडवतो.

आदोळी नको. तुकडे करायला तिच्यासारखं काही नाही, पण इथे पातं काट्यावर आडवं झोपवून सरकवावं लागतं, त्याला पातळ, थोडी वाकणारी सुरी हवी आणि ती आधी घासून घ्या, बोथट सुरीनेच मांस काट्याला राहतं. मासा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, मांस घट्ट होतं. मग कल्ल्यामागे, बाजूच्या पराच्या मागून तिरका काप द्या, काट्याला टेकेपर्यंत, आरपार नाही. नंतर पाठीवरच्या पराला चिकटून डोक्यापासून शेपटीपर्यंत सुरीच्या टोकाने फक्त एक सेंटिमीटरभर खोल रेघ मारा. मग त्याच रेघेतून परत, परत, डाव्या अंगठ्याने मांस उचलत. सुरी बरोबर चालली असेल तर काट्यावर टिक टिक टिक असा बारीक आवाज येतो. आवाज बंद झाला म्हणजे तुम्ही मांसात शिरलात, पातं खाली दाबा. बरगड्या संपल्या की सुरी पोटाच्या बाजूने बाहेर काढा आणि शेपटीपर्यंत न्या, पण शेपटीला तोडू नका, तिथे जोडलेलं राहू दे.

आता ते मांस पुस्तकाच्या पानासारखं उलटा, कातडं खाली. शेपटीकडून कातडं आणि मांस यांच्यामध्ये सुरी आडवी घाला, बोटांना मीठ लावून कातडं धरा आणि सुरी न हलवता कातडंच मागेपुढे ओढा. कातडं काढणार असाल तर सगळे खवले काढायची गरजच नाही, फक्त जिथून सुरी आत जाते तेवढ्या रेघेवरचे काढा नाहीतर धार जाते.

आणि तुमचे ते दोन काटे. फिलेच्या मधोमध, डोक्याकडच्या अर्ध्या भागात एका ओळीत असतात. बोट उलटसुलट फिरवा, टोचतात. एकेक उपटत बसू नका, ओळीच्या दोन्ही बाजूंनी तिरके काप देऊन ती पट्टीच काढून टाका.

डिचोलीची_माई
दादाने सांगितलंय ते ३५० वाल्यासाठी अगदी बरोबर. पण बायो, दीडशे ग्रॅमच्या माशाचे फिले काढू नको. टिलापियाचं मांस वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच निघतं, म्हणजे दीडशेच्या माशातून पन्नास ग्रॅम, त्याचे दोन फिले, कढईत टाकले की आकसून बोटाएवढे होतात. एवढ्यासाठी कशाला तासभर ओट्याशी उभी राहतेस. बारक्यांचे खवले चमच्याने शेपटीकडून डोक्याकडे काढ, पोट साफ कर, पोटातली काळी पातळ साल असते ती पण बोटाने घासून काढ, मग मीठ-हळद लावून वाफव. गार झाला की मांस आपोआप सुटतं. ते हाताने कुस्करून, दोनदा चाचपून, बटाटा, आलं, हिरवी मिरची घालून रव्यात कटलेट कर. मुलांसाठी मला हेच सगळ्यात भरवशाचं वाटतं, कारण प्रत्येक घास आपल्या बोटांखालून गेलेला असतो. डोकी आणि सांगाडे टाकू नकोस, त्यांचं पाणी काढून गाळून घे, हुमणाला, म्हणजे माशाच्या आमटीला, चव येते.

दीर कधी काळुंदर (हा पण एक मासाच) घेऊन आला तर जपून, त्याच्या पाठीवर अठरा-एकोणीस काटे असतात आणि पोटाकडे बारा-तेरा, आधी कात्रीने पर कापूनच हात लाव.

सत्तरीची_सून
खूप खूप धन्यवाद दोघांनाही. माई, अजून एक. या माशांना कधीकधी चिखलाचा वास येतो, तो कशाने जातो? आणि बाजारात रोहू मिळतो त्याचे फिले केले तर जास्त मांस मिळेल ना?

गरीवाला_तिसवाडी
लहान मुलासाठी छोटा रोहू नको. रोहू-कटल्याच्या मांसातच वाय आकाराचे बारीक काटे रुतलेले असतात, पाठीच्या काट्याला जोडलेले नसतात, त्यामुळे फिले कितीही नीट काढला तरी ते फिलेतच येतात. टिलापियाला ते नसतात, म्हणून तर तो या कामाला चांगला. आणि तो वास पाण्यातल्या शेवाळासारख्या जिवाणूंमुळे येतो, कातडं आणि मांसावरची लालसर पट्टी यांत जास्त असतो. कातडं काढताना ती पट्टी पण खरवडा.

डिचोलीची_माई
आणि आंबट लाव. माडाचं व्हिनेगर नाहीतर लिंबू, दहा-पंधरा मिनिटं, मग धुऊन मसाला. आणि हो, पुन्हा कधी काटा अडकला तर कोरड्या भाताचा गोळा गिळायला देऊ नकोस, आमच्याकडे सगळे तेच करायचे, पण काटा आणखी खोल रुततो. सरळ डॉक्टरकडे ने.

सत्तरीची_सून
आज केलं. पहिल्या बाजूला आवाजच येईना, दुसऱ्या बाजूला आला, अगदी टिक टिक, आणि सांगाडा जवळजवळ पारदर्शक निघाला! मधली पट्टी कापून मुलीलाच सांगितलं बोट फिरवून बघ काटा आहे का. तिने चारही तुकडे तपासले, एकात एक सापडला तो तिनेच मला दाखवला. हळद, मीठ, थोडं तिखट लावून रव्यात तळले, तिने दोन खाल्ले, पहिला अगदी सावकाश. बारक्यांचे कटलेट उद्या डब्याला.