तो रविवारी लोणारला येतोय, मैत्रिणींना सोबत घेऊ का?

सोलेभात:
नमस्कार. मी नर्स आहे, दोन वर्षांपासून लोणारात. दोन खोल्यांत आम्ही तिघी राहतो: मी, बँकेतली एक आणि झेडपी शाळेतल्या मॅडम.

डिसेंबरात पाहण्याचा कार्यक्रम झाला. मुलगा खामगावला जिनिंगमध्ये सुपरवायझर. घरच्यांना पसंत आहे, पण मी म्हटलं, एकदा मोकळं बोलू द्या. त्यानं फोनवर सरळ विचारलं, 'रविवारी येऊ का भेटायला?' मी हो म्हटलं, आणि तेव्हापासून डोक्याला घोर लागलाय.

रविवार आमचा ठरलेला असतो. आठवडाभर आम्हा तिघींच्या वेळा जुळत नाहीत, एकत्र जेवण होतं ते रविवारीच. या वेळी घरमालकीण काकूंनी मळ्यात रोडगे ठरवलेत, गोवऱ्या रचून ठेवल्यात. जाड दळण मीच गिरणीवरून आणलं. मागच्या उन्हाळ्यात मला टायफॉइड झाला तेव्हा या दोघींनी रात्र रात्र जागून कपाळावर पट्ट्या ठेवल्या. त्यांना सोडून हॉटेलात जेवायला जाणं जिवावर येतंय. पण पहिल्याच भेटीत त्याला चार बायांच्या गराड्यात बसवणं बरं दिसेल का?

कापूसवाला:
ताई, मी बी खामगावचाच. मेहकरवरून एस्टीनं यायचं म्हणजे पोरगा पहाटेच उठंल. मंग चार बायांसमोर तोंड तरी उघडंल का तो? दोघंच बसा, बोला. रोडगे पुढच्या रविवारी होतात.

मेहकरची लेक:
काही दोघंच बसायची गरज नाही बाई. लग्नाआधी आमचे हे आमच्या वावरात हुरड्याले आले होते. हॉटेलात माणूस साखर किती घेते तेवढंच समजते. त्याले गोवऱ्याच्या धुरात बसव, वांगे चिरायले दे, मंग पाय कसा बोलते. संध्याकाळी मात्र तासभर दोघंच फिरा. अन् आईले सांगून ठेव.

मास्तर:
दैत्यसूदन मंदिर चुकवू नका. आत लवणासुरावर उभा विष्णू आहे, गावाचं नाव त्या लवणासुरावरूनच पडलं असं सांगतात. बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं सावकाश पाहा, बोलायला विषय शोधावा लागणार नाही. विवरात ऊन कलल्यावर उतरा आणि अंधाराआधी वर या, खाली जंगल आहे.

सोलेभात:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल झाला रविवार.

साडेदहाला तो एस्टीतून उतरला, हातात शेगावच्या कचोऱ्या. घरात चौघी आहेत हे मी एकदाच बोलले होते. त्यानं आठ आणल्या होत्या.

काकूंनी त्याला गोवऱ्यांजवळच बसवलं. चिमट्यातून रोडगा निसटला तर त्यानं हातानंच उचलला, या हातातून त्या हातात नाचवत राख झटकली, फोडून वर तूप सोडलं आणि पहिला काकूंच्या ताटात ठेवला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही तेव्हा. मी मात्र पाहत होते. बँकवालीनं पगार विचारला, मॅडमनी काय वाचता विचारलं. पगार सांगितला, आणि पेपरशिवाय काही वाचत नाही म्हणाला. मला ते फार आवडलं.

जेवताना वांग्याचा रस्सा शर्टावर सांडला. पुसता पुसता रुमालावर हळदीचा हा एवढा डाग.

दुपारी दैत्यसूदन पाहिलं, मग विवरात उतरलो. दोघी मुद्दाम मागे रेंगाळत होत्या. मी नाइट ड्युटीचं विचारलं. तो म्हणाला, 'हंगामात माझीही रात्रपाळी असते. घरी जो असेल तो डबा करेल.' मग त्यानं २०२० च्या जूनमध्ये विवरातल्या तळ्याचं पाणी गुलाबी कसं झालं ते विचारलं. खारटपणा वाढला की त्यातले सूक्ष्मजीव रंग धरतात, असं मी सांगितलं. मोर ओरडत होते, काठावर तो उग्र वास होताच.

डाग निघतो का पाहू म्हणून त्यानं रुमाल पाण्यात बुडवला. पिवळा डाग बघता बघता लालभडक झाला! तो दचकलाच. मी सांगितलं, तळ्याचं पाणी अल्कधर्मी आहे, हळदीला चुना लागला की कुंकू होतं तसंच हे. मागून मॅडम ओरडल्या, 'हळदीचं कुंकू झालं गं!' माझे कान गरम झाले.

त्यानं रुमाल न धुता पिळला आणि घडी घालून खिशात ठेवला.

पुढच्या रविवारी आम्ही तिघी खामगावला जातोय. काकू म्हणतात, त्याही येणार.