सांगली-मिरजेत बारटेंडरचं लायसन्स निघतं का? एजंट 18 हजार मागतोय

मिरजकर22
नमस्कार मंडळी. वय 22, बारावी पास. मिरजेत परमिट रूमला दीड वर्ष वेटर आहे. महाबळेश्वरच्या एका हॉटेलात बार काउंटरला जागा निघालीय. ओळखीतला एक एजंट म्हणतो, "आधी बारटेंडरचं लायसन्स काढ, त्याशिवाय काउंटरमागं उभं राहता येत नाही." ऑनलाइन कोर्स, परीक्षा आणि 'रिस्पॉन्सिबल सर्व्हर' नावाचं सर्टिफिकेट, सगळं मिळून 18 हजार. तीन प्रश्न आहेत. असं लायसन्स खरंच लागतं का? लागत असेल तर कुठं निघतं? आणि या कोर्सात नेमकं शिकवतात काय?

काउंटरमागे
पैसे देऊ नका. महाराष्ट्रात बारटेंडरच्या नावानं व्यक्तीला लायसन्स देतच नाहीत. परवाना असतो तो जागेचा. परमिट रूम आणि हॉटेलच्या बारला एफएल-3, वाइन शॉपला एफएल-2, देशी दारूच्या दुकानाला सीएल-3. देतं राज्य उत्पादन शुल्क खातं, 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली. कायद्याच्या नावात दारूबंदी आणि काम दारूचे परवाने देण्याचं, हा विनोद आपल्याकडं जुना आहे. 'परमिट रूम' हे नावही तिथूनच आलं, कारण कायद्यानं पिणाऱ्याकडंही परमिट लागतं. विदेशी दारूचं एका दिवसाचं परमिट पाच रुपयांचं.

तुमच्या नावानं जो कागद लागतो त्याला नोकरनामा म्हणतात. परवानाधारक लिहून देतो की अमुक माणूस माझ्या वतीनं इथं विक्री करेल. त्याची नोंद उत्पादन शुल्क कार्यालयात होते. फोटो, आधारची प्रत आणि वैद्यकीय दाखला तयार ठेवा, धावपळ मालकानं करायची असते. बार बदलला की जुना नोकरनामा संपला, नव्या जागी नवा. मिरजेतला कागद महाबळेश्वरला चालणार नाही. रुजू व्हायच्या दिवशीच विचारा, "माझा नोकरनामा कधी करताय?" तपासणीला अधिकारी आले आणि काउंटरवरच्या माणसाचं नाव कागदावर नसलं तर केस मालकावर होते खरी, पण नोकरी तुमची जाते.

बार खाद्यपदार्थही देतो, म्हणून एफएसएसएआयच्या (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) नियमानं दरवर्षी वैद्यकीय तपासणी होते. हा खर्चही मालकाचा.

घाटमाथा
वरच्याला दुजोरा. महाबळेश्वरसाठी एक जोडतो. पगार आणि टिपा सीझनवर ठरू नयेत. पावसाळ्यात हॉटेलं अर्धी रिकामी असतात आणि कपात आधी नव्या माणसाची होते. बारा महिन्यांचा पगार ठरलाय की फक्त सीझनचा, हे लेखी घ्या.

पेगमेजर
तिसऱ्या प्रश्नाकडं येतो, काम तिथंच आहे. 'रिस्पॉन्सिबल सर्व्हर' हे प्रशिक्षण मुळात अमेरिकेतलं. तिथं बऱ्याच राज्यांत दारू पाजणाऱ्या बारवर, त्या गिऱ्हाइकानं पुढं केलेल्या अपघाताची भरपाई येऊ शकते, म्हणून नोकरांना शिकवणं भाग पडलं. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2022 पासून ते सक्तीचं आहे: कामाला लागल्यापासून 60 दिवसांत सर्टिफिकेट, वैधता तीन वर्षं. टेक्सासमध्ये दोन वर्षं. इंग्लंडमधलं 'पर्सनल लायसन्स' वेगळं, ते दारू विक्रीला अधिकृत संमती देणाऱ्याचं, प्रत्येक बारटेंडरचं नाही. यातलं कुठलंच सर्टिफिकेट सांगली किंवा सातारा जिल्ह्यात कुणी मागत नाही. एजंट तुम्हाला बहुधा हेच विकतोय.

पण त्यात शिकवतात ते पाठ केलं तर 18 हजारांपेक्षा जास्त कामाचं आहे. पहिली गोष्ट, दारू मिलीत नाही, अल्कोहोलच्या ग्रॅममध्ये मोजायची. आपल्याकडच्या व्हिस्की-रमवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं. 60 मिलीचा लार्ज म्हणजे 25.7 मिली शुद्ध अल्कोहोल. एक मिली 0.79 ग्रॅमचा, म्हणजे साधारण 20 ग्रॅम. स्मॉल त्याच्या निम्मा, 10 ग्रॅम. आता 650 मिलीची 8 टक्क्यांची स्ट्राँग बिअर घ्या: 52 मिली, म्हणजे 41 ग्रॅम. 'मी फक्त एक बिअर घेतली' म्हणणाऱ्यानं दोन लार्ज घेतलेत, हे डोक्यात पक्कं बसवा. माइल्ड, 5 टक्क्यांची, तरी 26 ग्रॅम.

दुसरी गोष्ट गाडीची. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 प्रमाणे 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर सापडला की गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. 70 किलोच्या पुरुषानं रिकाम्या पोटी एक लार्ज घेतला की अंदाजे 40 मिलिग्रॅमच्या घरात जातो. म्हणजे एकाच लार्जमध्ये हद्द ओलांडली. 50 किलोच्या बाईच्या बाबतीत तोच पेग 70 च्या वर नेतो. यकृत तासाला साधारण 15 मिलिग्रॅम उतरवतं आणि त्यापेक्षा घाई करत नाही. दोन लार्ज घेतलेला 84 वर असेल, तर 30 खाली यायला साडेतीन तासांच्या वर. महाबळेश्वरहून पसरणी घाट उतरून वाईला जाणारा माणूस रात्री साडेअकराला उठतो, तेव्हा हा हिशोब आपल्या डोक्यात असायला हवा. त्याच्या डोक्यात तो नसतो.

ताक, लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, यानं दारू उतरत नाही. माणूस जागा राहतो एवढंच, आणि जागा असलेला तर्र माणूस गाडी चालवायला जास्त धजतो. आधी पोटात जेवण असेल तर रक्तात हळू चढते, तेवढाच उपयोग. म्हणून चखणा उशिरा आणू नका, पहिल्या पेगाबरोबरच येऊ दे.

मिरजकर22
खूप आभार, 18 हजार वाचले. पण अडचण अशी की मोठं गिऱ्हाईक 'अजून एक आण' म्हणतं तेव्हा नाही कसं म्हणायचं? आणि हॉटेलवाल्यानं काउंटरवर ट्रायल घेतली तर काय बघतील?

काउंटरमागे
नाही म्हणायची वेळ येऊ देणं हीच चूक. तिसऱ्या पेगापासून वेग तुम्ही ठरवायचा. भरलेला ग्लास पुढं असताना नवा आणायचा नाही. रिकामा लगेच उचलायचा नाही, कारण रिकामा उचलला की माणूस नवा मागतोच. मध्ये एक पाण्याची बाटली स्वतःहून ठेवायची.

खुणा बघायच्या: आवाज हळूहळू चढणं, तेच वाक्य पुन्हा, ग्लास टेबलाच्या कडेला ठेवणं, नोटा मोजताना चुकणं, बाथरूमला जाताना खुर्चीला धरून उठणं. यातल्या दोन दिसल्या की थांबवायचं. आणि थांबवताना चारचौघांत बोलू नका, अपमान झाला की वाद होतो. टेबलावर सगळ्यांत कमी प्यायलेल्या माणसाला बाजूला बोलवा किंवा बिलाच्या निमित्तानं त्याच्याकडं झुका. वाक्य साधं ठेवा: "दादा, साहेबांचं ड्रिंक आता इथं थांबवू, मी गरम जेवण लावतो. गाडी कोण चालवणार?" 'बार बंद झाला', 'स्टॉक संपला' असली थाप मारू नका. पुढच्या टेबलाला पेग जाताना दिसला की भांडण तिथंच उभं राहतं. मॅनेजरला आधी कानावर घाला, म्हणजे गिऱ्हाईक त्याच्याकडं गेलं तर तोच उलटा पेग देणार नाही. हा शेवटचा प्रकार फार होतो, आणि त्यानं तुमचा शब्द संध्याकाळभर निकामी होतो.

कृष्णाकाठ
ट्रायलचं सांगतो. 30 आणि 60 मिलीचं पेग मेजर, म्हणजे दारू मोजायचं माप, देतील. ते सपाट धरा, काठापर्यंत भरा, वर फुगा ठेवू नका. दारू काठाच्या वर फुगून राहते आणि प्रत्येक 60 मागे थोडी जास्त जाते. 5 मिली जास्त गेली तर 750 च्या बाटलीतून 12 ऐवजी 11 च पेग निघतात. रात्री हिशोब जुळवताना एक पेग 'गेला कुठं' म्हणून तुमच्याकडं बघतात. उलट कमी टाकलात तर गिऱ्हाईक वैधमापनशास्त्र विभागाकडं, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या खात्याकडं, तक्रार करू शकतं. मेजरवर त्या खात्याचा शिक्का असला पाहिजे, नसलेलं किंवा काठ चेमटलेलं वापरू नका. घरी सरावाला रिकाम्या बाटलीत पाणी भरा, मेजरनं ओता, मग स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तपासा. 60 मिली पाणी 60 ग्रॅम भरतं. सलग 20 वेळा 58 ते 62 मध्ये आलं की हात बसला. स्पीड पोररनं (बाटलीच्या तोंडाला बसवायची तोटी) मोजून ओतायचं शिकलात तरी चालेल, पण शिक्क्याच्या मेजरशिवाय सर्व्ह करू नका.

वय बघणंही विचारतील. महाराष्ट्रात बिअरला 21 पूर्ण, व्हिस्की-रमला 25 पूर्ण. म्हणजे तुम्ही स्वतः जी बाटली ओतणार ती पिऊ शकत नाही, हे गमतीचं असलं तरी कायदेशीर आहे. ड्राय डेची यादी काउंटरवर लावलेली असते. 15 ऑगस्ट, 26 जानेवारी, 2 ऑक्टोबर हे सगळ्यांना माहीत, मतदान संपण्याआधीचे 48 तास मात्र बरेच विसरतात. गणपती विसर्जनासारखे दिवस जिल्हाधिकारी ठरवतात, म्हणून सांगली आणि सातारा यांची यादी वेगळी असू शकते.

घाटमाथा
पुढं क्रूझ किंवा आखातात जायचा विचार असेल तर एजंट पुन्हा भेटेल, म्हणून आत्ताच सांगतो. क्रूझवर लागतं ते एसटीसीडब्ल्यूचं (जहाजावरच्या कामगारांचे आंतरराष्ट्रीय नियम) बेसिक सुरक्षा प्रशिक्षण आणि सीडीसी, म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, बारटेंडर लायसन्स नाही. जहाजावर पाठवणाऱ्या संस्थेकडं डीजी शिपिंगचा (केंद्राचं जहाजवाहतूक खातं) आरपीएसएल, म्हणजे जहाजावर माणसं भरती करण्याचा, परवाना हवा, तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. आखातासाठी एजंट ई-मायग्रेटवर, म्हणजे परदेशी नोकरीसाठीच्या सरकारी संकेतस्थळावर, नोंदणीकृत हवा. त्याला घेता येणारी फी 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, त्यापेक्षा जास्त मागणाऱ्याकडून उठून यायचं.

मिरजकर22
शेवटचं एक. आधारवर कधी कधी फक्त जन्माचं वर्ष छापलेलं असतं. तेव्हा 25 पूर्ण कसं धरायचं?

कृष्णाकाठ
31 डिसेंबर धरून. वर्ष 2001 असेल तर 2026 संपेपर्यंत त्याला व्हिस्की द्यायची नाही, तोवर पॅन किंवा वाहन परवाना मागा, त्यावर पूर्ण तारीख असते. मोबाइलमधला फोटो घेऊ नका, डिजिलॉकर उघडून दाखवलं तर चालतं.